जेवलात? मग आता पंधरा मिनिटं चाला

इंदूरला सकाळी फिरणाऱ्यांची कमी नाही. नेहरू पार्क, मेघदूत, पिपल्यापाला, रेसिडेन्सीची झाडी, साडेसहाला कुठेही जा, माणसं दिसतील. सव्वासातला त्यातली निम्मी पोह्याच्या ठेल्यावर दिसतील. पोह्यांवर शेव, जिरावण, शेजारी जिलबी, आणि तिथून स्कूटरवर बसून थेट घरी. सकाळच्या फिरण्याशी माझं भांडण नाही. पण ज्यांची शुगर काठावर आहे किंवा काठ ओलांडून गेली आहे, त्यांनी क्रम उलटा करावा असं मला वाटतं. पोहे आधी, चालणं नंतर.

मी डॉक्टर नाही. लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधण्यात माझी अख्खी नोकरी गेली. तपासणीच्या आदल्या दिवशी माणूस काय काय करतो हे आम्हा लॅबवाल्यांइतकं कोणाला ठाऊक नसेल. गोड बंद, रात्रीचं जेवण अर्धं, वर दोन तास रपेट. "दीदी, या वेळी बघा फास्टिंग कशी येते!" फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची साखर, येतेही बरी. पण त्याच रक्ताची एचबीएवनसी काढली की मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी समोर येते, आणि ती एका दिवसाच्या रपेटीला दाद देत नाही. कितीतरी जणांची फास्टिंग शंभरच्या आसपास असते आणि जेवणानंतरची, म्हणजे पीपी, दोनशेला टेकलेली. गडबड होते ती जेवणानंतर, म्हणून इलाजही तिथेच करायचा.

होतं असं की पोळी, भात, पोहे पोटात गेले की थोड्याच वेळात रक्तातली साखर चढायला लागते आणि तास-दीड तासात टोकाला जाते. नेमकी त्या वेळी मांड्या-पोटऱ्या हलत्या असल्या तर ते स्नायू साखर ओढून घेतात. चालत्या स्नायूला त्यासाठी इन्सुलिनची वाटही बघावी लागत नाही, आणि ज्यांचं इन्सुलिन नीट काम करत नाही त्यांना याचाच फायदा. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१६ साली ४१ टाइप-२ मधुमेहींचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीच माणसं काही दिवस रोज कधीही सलग अर्धा तास चालली, आणि काही दिवस प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. दुसऱ्या पद्धतीत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी भरली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. एकूण चालणं दोन्हीकडे तेवढंच.

तेव्हा सुरुवात रात्रीच्या जेवणापासून करा. आपल्याकडे तेच सगळ्यात जड असतं, आणि त्यानंतर सोफा, मालिका, झोप. आमच्या ह्यांचं ठरलेलं होतं: "अगं, आत्ताच तर जेवलो, जरा बसू दे." ते जरा बसणं पावणेअकरापर्यंत चालायचं. शेवटी मी ताटं उचलून ओट्यावर ठेवायची आणि भांड्यांना हात न लावता चपला घालून दारात उभी राहायची. बायको दारात उभी असताना टीव्ही बघायला फार धैर्य लागतं. हात धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बाहेर पडा, अर्ध्या तासापलीकडे जाऊ देऊ नका. माळव्याची रात्र उन्हाळ्यातही पुष्कळ निवते, त्यामुळे हवेची सबब चालणार नाही.

चाल कशी ठेवायची? पहिली पाच मिनिटं रमतगमत, मग जरा वेग. मिनिटाला साधारण शंभर पावलं पडली म्हणजे मध्यम चाल झाली. बरोबरच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणायला गेलात तर दम लागावा. पोट भरलेलं असताना याहून जोर करू नका, आंबट ढेकर येतात. ज्यांना ॲसिडिटीचा त्रास आहे त्यांनी सगळा वेळ सावकाशच चालावं. दहा मिनिटांनी सुरुवात करून पंधरावर या. दुपार आणि रात्र मिळून रोज तीस मिनिटं झाली, तर आठवड्याची २१० होतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो जवळपास यातच बसतो. त्यातून रक्तदाबाला मदत होते, पोटही हलकं राहतं. वजनाची मात्र घाई करू नका. पंधरा मिनिटांच्या चालण्यात एका जिलबीचाही हिशेब फिटत नाही.

दुपारचं खरं संकट रविवारी येतं. दाल-बाफले खाल्लेला माणूस उठत नाही, त्याला उठवावं लागतं. मे महिन्यात दुपारी दोनला रस्त्यावर पाऊल टाकू नका. घरातल्या घरात, दिवाणखाना ते मागचं अंगण अशा फेऱ्या मारल्या तरी स्नायूंना तो रस्ताच वाटतो. वामकुक्षी त्यानंतर घ्या, कोण नाही म्हणतंय?

रात्री गल्लीत कुत्री फार असतील तर गच्ची बरी. चपलांवर चालू नका. मधुमेहात तळव्याची जाणीव कमी होते, खडा टोचलेला कळतही नाही. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप खरं निघतं. घरी आल्यावर मोजे काढून तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा.

रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जायचं असेल तर जा. भुट्ट्याचा किस आणि गराडू सोडून इंदूरात राहा, असं सांगायची माझी छाती नाही. पण गाडी राजवाड्याच्या गर्दीत घालू नका, लांब कृष्णपुरा छत्र्यांकडे लावा, आणि खाऊन झाल्यावर तिथेच घुटमळत न बसता गाडीपर्यंत चालत या. गल्लीतल्या धक्काबुक्कीला चालणं म्हणत नाहीत.

हे सगळं माझ्या सांगण्यावरून मानू नका, घरी ग्लुकोमीटर असेल तर ताडून बघा. दोन दिवस अगदी सारखं जेवा, तेवढ्याच पोळ्या, तेवढाच भात. एक दिवस बसून राहा, दुसऱ्या दिवशी चाला. दोन्ही दिवशी पहिल्या घासापासून घड्याळ लावून तासाने आणि दोन तासांनी मोजा. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करा. बोटाला फळाचा रस किंवा पाक लागलेला असला तर यंत्र तोच मोजतं आणि घरात रडारड सुरू होते. टोचताना बोटाची कड घ्या, मधला मऊ भाग नको, दुखतं. पहिला थेंब पुसून दुसरा घ्या, बोट पिळू नका. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा. घरचं यंत्र प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्के इकडेतिकडे असू शकतं, म्हणून पाच-दहाच्या फरकावर खूशही होऊ नका आणि खचूही नका. दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या आत असणं हे निरोगी माणसाचं माप. मधुमेहींचं लक्ष्य डॉक्टर वेगळं ठरवून देतात.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर हे सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. खिशात साखरेची पुडी ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, एकदम भूक लागली की थांबून तीन चमचे साखर खा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. सत्तरच्या खाली आकडा असेल तर पुन्हा तेवढीच साखर. आणि जेवणानंतर चालताना छातीत दडपण येत असेल, तर चालणं बंद करून आधी हृदयाची तपासणी करून घ्या. त्याला गॅस समजून घरी बसणारे मी पुष्कळ पाहिले.

एचबीएवनसी आज करून ठेवा, मग तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. त्यासाठी उपाशीपोटी यायची गरज नसते. पोहे खाऊन, पंधरा मिनिटं चालून, खुशाल या.