मराठीच्या आधाराने स्पॅनिश: सालामान्कात यजमान कुटुंबात राहून शिकताना

सोलापुरात वाढलेल्या माणसाला भाषा कानाने उचलण्याची सवय लहानपणीच लागते. पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात तेलुगू ऐकू येते, अक्कलकोटच्या वाटेवर कन्नड सुरू होते आणि बाजारात दखनी चालते, पण यांतली एकही भाषा आपल्यापैकी बहुतेकांनी पुस्तकातून शिकलेली नसते. स्पेनमधील सालामान्का येथे एका कुटुंबात राहून स्पॅनिश शिकायचे मी ठरवले ते याच सवयीच्या भरवशावर. सालामान्काचे विद्यापीठ १२१८ सालचे असल्यामुळे शहराला विद्यार्थ्यांची सवय आहे आणि परक्या मुलांना घरी ठेवून घेणारी कुटुंबेही तिथे पुष्कळ आहेत. त्या मुक्कामानंतर माझे मत असे झाले आहे की आपल्याकडच्या विद्यार्थ्याने इंग्रजीला मध्ये न घेता मराठीवरून थेट स्पॅनिशकडे जावे आणि कुटुंब, वर्ग व सेवाकार्य यांची निवडही त्याच बेताने करावी.

याचे कारण व्याकरणात आहे. ‘मला चहा आवडतो’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल ते’ असे होते. चहा हा कर्ता, मी ‘मला’च्या जागी, आणि शेंगा आवडत असतील तर आपले क्रियापद जसे ‘आवडतात’ होते तसे त्यांचे ‘गुस्तान’ होते. इंग्रजीतून येणारे विद्यार्थी इथे बराच काळ अडखळतात, आपल्याला मात्र ही रचना घरचीच वाटते. ‘माझ्या हातून पेला पडला’ याचेही तसेच, कारण चूक स्वतःवर न घेता पेल्यालाच पडू देण्याची सोय दोन्ही भाषांत आहे. ‘आम्ही दर रविवारी जायचो’ आणि ‘आम्ही रविवारी गेलो’ यांतला फरक ज्याला कळतो त्याला स्पॅनिशचे दोन भूतकाळ नव्याने समजावून सांगावे लागत नाहीत. त, द हे दंत्य उच्चार आणि पाच स्वच्छ स्वर आपल्याकडे आहेतच. नामांना लिंग असते याचे आश्चर्य आपल्याला वाटत नाही, उलट नपुंसकलिंग नसल्याने थोडे हलकेच वाटते. अवघड जातात ती ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही दोन क्रियापदे, कारण मराठीत दोहोंसाठी ‘असणे’ एवढेच आहे. तिथे मात्र वाक्ये पाठ करण्याला पर्याय नाही.

कुटुंबाची निवड बहुधा भाषाशाळा करते, परंतु विचारल्यास पसंती लक्षात घेते, म्हणून नोंदणीच्या वेळीच स्पष्ट लिहावे. घरात आणखी विद्यार्थी आहेत का, असल्यास ते कोणती भाषा बोलतात, दुपारी घरी कोण असते आणि जेवण किती वेळचे आहे, हे चार प्रश्न खोलीच्या आकारापेक्षा महत्त्वाचे आहेत. माझ्या मते घरात निवृत्त, बोलके माणूस असणे ही सर्वांत मोठी सोय होय. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन-तीनच्या सुमारास होते आणि जेवणानंतर टेबलावरच गप्पा मारत बसण्याची रीत आहे. वर्गात शिकवलेला भूतकाळ प्रत्यक्ष वापरला जातो तो याच वेळी. अडचण अशी की स्पेन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असल्याने नेमक्या याच सुमारास सोलापुरात संध्याकाळ झालेली असते आणि घरचे फोन सुरू होतात. घरच्यांना आधीच दुसरी वेळ ठरवून द्यावी. यजमान आजींना नावाने आणि ‘तू’ म्हणून हाक मारण्याचा संकोच सुरुवातीला वाटतो, पण आपणही आईला आणि आजीला अरे-तुरेच करतो हे आठवले की जीभ सुटते.

शाकाहारी असाल तर नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. मांस, मासे, डुकराच्या मांसाचे काप आणि मांसाचे सूप यांपैकी काहीच चालणार नाही, असे एकेक नाव घेऊन सांगावे लागते, कारण डाळीतही सॉसेजचा तुकडा घालण्याची तिथे पद्धत आहे. सालामान्काजवळच्या ला आर्मुन्या भागातली मसूर प्रसिद्ध आहे. तिचे कालवण आणि बटाट्याचे जाडसर ऑम्लेट यांवर अंडे खाणाऱ्याचे दिवस उत्तम जातात. शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेता येते, मात्र घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे आधी विचारावे. युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून नेता येत नसल्याने पेढे व तूप इथेच ठेवावे. शहर सुमारे ८०० मीटर उंचीवर असून हिवाळ्यातील रात्री पारा शून्याखाली जातो. गरम पाणी आणि खोलीची ऊब यांचे बिल यजमान भरतात, तेव्हा अंघोळ आटोपशीर असावी.

व्हिसाबद्दल थोडक्यात. नव्वद दिवसांपर्यंतच्या अभ्यासासाठी शेंगेन व्हिसा (युरोपातील बऱ्याच देशांचा सामायिक अल्पमुदतीचा व्हिसा) चालतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास वैद्यकीय विमा लागतो. त्याहून अधिक मुक्कामासाठी विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. आठवड्याला वीस तासांचे वर्ग असलेली आणि स्पॅनिश भाषेचा प्रसार करणाऱ्या ‘इन्स्तितुतो सेर्बान्तेस’ या स्पेनच्या सरकारी संस्थेची मान्यता असलेली शाळा निवडणे तेव्हा शहाणपणाचे ठरते. मुक्काम १८० दिवसांहून अधिक असल्यास पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्रही जोडावे लागते. अर्ज आणि बोटांचे ठसे यांसाठी मुंबईला जावे लागले, तर सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री बसून सकाळी पोहोचवते.

सेवाकार्य पहिल्याच आठवड्यात सुरू करण्याचा उत्साह आवरावा. भाषा येत नसताना आपण मदतीपेक्षा कामच वाढवतो. प्राथमिक पातळीवर अन्नपेढीत धान्य व डबे निवडून लावण्यासारखे, हाताने होणारे काम घ्यावे आणि थोडे बोलता येऊ लागल्यावर वृद्धांशी गप्पा मारण्याच्या कामाकडे वळावे. वृद्ध माणसे तीच गोष्ट पुन्हा सांगतात, आणि शिकणाऱ्याला पुनरुक्तीइतके उपयोगाचे दुसरे काही नाही. लहान मुलांसोबतचे काम आकर्षक वाटते, परंतु काही आठवड्यांत निघून जाणाऱ्या पाहुण्याचा लळा मुलांना लावणे मला योग्य वाटत नाही. शिवाय त्यासाठी लैंगिक गुन्ह्यांची नोंद नसल्याचा दाखला कायद्याने द्यावा लागतो. स्पेनच्या २०१५ च्या स्वयंसेवा कायद्यानुसार संस्थेने स्वयंसेवकाशी लेखी करार करून त्याचा विमा उतरवणे बंधनकारक आहे. त्यामुळे सेवेची ‘संधी’ देण्यासाठी मोठी फी मागणाऱ्या मध्यस्थापेक्षा शाळेतून किंवा यजमानांच्या ओळखीने स्थानिक संस्थेकडे गेलेले बरे. कामाचा कालावधी आणि स्वरूप नमूद केलेले प्रमाणपत्र मागण्याचा हक्कही याच कायद्याने दिला आहे. ते परतीच्या आधीच हाती घ्यावे, कारण सोलापुरात बसून ईमेलवर त्याचा पाठपुरावा करणे फार जिकिरीचे जाते.