बट्ट्या आदल्या रात्रीच वाफवून ठेवा

सुट्टीत भुसावळची आत्या, धुळ्याची मावशी सगळ्या एकदम येतात आणि वरण-बट्टीचा बेत ठरतो. मग गप्पा ओसरीवर, आणि घरची बाई दोन तास चुलीपुढे. यावर आमच्याकडे निघालेला उपाय असा:

१. रात्री ४ वाट्या गव्हाचं जाडसर पीठ, १ वाटी मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ आणि अर्धी वाटी तेलाचं मोहन घालून घट्ट मळा. मुठीएवढे गोळे करून पंचवीसेक मिनिटं वाफवा. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झालं.

२. पूर्ण गार होऊ द्या. गरम कापल्या की भुगा होतो. घाईत एकदा सगळा घाणा वाया घालवलाय. गार झाल्यावर चार-चार फोडी करून कोरड्या फडक्यात गुंडाळा, डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा.

३. तुरीची डाळही रात्रीच शिजवून ठेवा. सकाळी वरणाला फोडणी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी, एवढंच उरतं.

ताटं मांडल्यावर फोडी तळायच्या. दहा माणसांचं तळण अर्ध्या तासात उरकतं, आणि त्याआधीचा वेळ आपलाच. आत्या म्हणतेच, “बठ ना व माय!” आता खरंच बसता येतं.

फक्त फ्रिजमधून तासभर आधी काढून फोडी पुसून घ्या. ओल राहिली तर तेल उडतं. आणि जळगावच्या मे महिन्यात त्या रात्रभर बाहेर ठेवू नका, आंबतात.