जुन्या मारुती 800चं थरथरणारं आयडलिंग घरच्या घरी कसं सुधारावं

सिग्नलला गाडी उभी राहते. स्टिअरिंग थरथरायला लागतं, आरशातलं मागचं चित्र पुसट होतं, आणि दिवा हिरवा व्हायच्या आत इंजिन गचका देऊन बंद पडतं. मागून हॉर्न सुरू होतात. जुनी गाडी वापरणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते. आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू राहणं; त्यातले बहुतेक दोष घरच्या पार्किंगमध्ये, एका सकाळी, साध्या हत्यारांनी सापडतात. अट एकच: तपासणी योग्य क्रमाने व्हायला हवी.

मी लिहितोय ते कार्बोरेटरवाल्या (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग तो कार्बोरेटर) मारुती 800बद्दल, कारण तीच गाडी मी वर्षानुवर्षं हाताळली आहे. 796 सीसी, तीन सिलिंडर. ऑम्नीलाही हेच इंजिन होतं. डिसेंबर 1983 ते जानेवारी 2014 एवढा काळ ही गाडी बनत राहिली. त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात आणि बोनेटखाली हात घालायला जागाही भरपूर आहे. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या, गाडीचं थोडं वेगळं असतं, त्यावर शेवटी सांगतो.

माझी स्वतःची गाडी 1997ची, वडिलांनी घेतलेली. एका पावसाळ्यानंतर ती आयडलिंगला मिसिंग करायला, म्हणजे ठोका चुकवायला लागली. एका गॅरेजमध्ये कार्बोरेटर खोलला, किट बदललं, स्क्रू फिरवले. आठ दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. पुन्हा कार्बोरेटर खोलला. शेवटी एका रविवारी मी स्वतः टॉर्च घेऊन बसलो, तेव्हा मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) मागे जाणारा बोटभर लांबीचा रबरी पाइप खालच्या बाजूने चिरलेला सापडला. वरून पाहिलं तर अगदी धडधाकट दिसत होता. पाइप बदलला आणि गाडी शांत झाली. पण तोवर कार्बोरेटरचं मूळ सेटिंग पार बिघडलं होतं आणि ते परत आणायला मला पुढचे दोन रविवार गेले. म्हणून कळकळीने सांगतो, कार्बोरेटरच्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावा.

आधी इंजिन ऐका

तीन सिलिंडरचं इंजिन आयडलिंगला थोडं धडधडणारच. ती धडधड एका लयीत असेल तर दोष इंजिनात नसतो. अशा वेळी इंजिनाची फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरांवर इंजिन बसलेलं असतं ती, पाहा. रबर चपटं झालं किंवा फाटलं की ठणठणीत इंजिनही सगळी थरथर बॉडीला देतं.

लय तुटते का, ते पाहायची एक जुनी पण खात्रीची युक्ती आहे. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. पट्टी सारखी बाहेर फडफडत राहिली तर ठीक. मधेच एखादा ठोका चुकला तर एक सिलिंडर पेटत नाहीये. पट्टी अधूनमधून आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसण्याची शक्यता असते.

मग स्वतःला विचारा: त्रास फक्त आयडलिंगला आहे की चालतानाही? आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे रेसच्या पॅडलने उघडणारी हवेची झडप, जवळजवळ बंद असतो, इंजिन अगदी थोडी हवा आणि थोडं पेट्रोल घेत असतं. त्यात चिरलेल्या पाइपातून जरा जरी जादा हवा शिरली तरी प्रमाण पार बिघडतं. रेस दिल्यावर आत येणारी हवा इतकी वाढते की त्या फटीतली गळती जाणवतही नाही. म्हणून आयडलिंगला रडणारी आणि रेस दिल्यावर सुरळीत पळणारी गाडी बहुधा कुठून तरी हवा घेत असते, किंवा कार्बोरेटरचा स्लो जेट, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल ज्याच्या बारीक भोकातून जातं तो पितळी तुकडा, चोंदलेला असतो. चालतानाही झटके देत असेल, चढावर दम सोडत असेल, तर आधी प्लग आणि करंट पाहा.

तयारी

गाडी मोकळ्या जागेत लावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, चाकांना विटा लावा. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी बाजूला ठेवा. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा कधीही अचानक फिरतो, तिकडे बोटं नेऊ नका. जवळपास विडी-सिगारेट नको आणि वाळूची एक बादली हाताशी असू द्या.

हत्यारं फार लागत नाहीत. प्लग पाना, 10 आणि 12 नंबरचे पाने, दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), टॉर्च, पाण्याचा स्प्रे, कार्बोरेटर क्लीनरचा एक डबा आणि जुनी सुती फडकी. सुरुवात करण्याआधी मोबाइलवर बोनेटखालचे पाचसहा फोटो काढून ठेवा. कुठला पाइप कुठे होता हा प्रश्न दुपारी हमखास पडतो.

पहिलं काम: हवेची गळती

इंजिन बंद आणि थंड असताना कार्बोरेटरपासून निघणारा प्रत्येक बारीक रबरी पाइप बोटाने दाबून, वाकवून पाहा. ताजं रबर लवचीक असतं. कडक झालेला, वाकवल्यावर तडे दाखवणारा पाइप सरळ बदला. पाइपाचा फक्त टोकाचा भाग सैल झाला असेल आणि लांबी पुरत असेल तर सेंटीमीटरभर कापून पुन्हा घट्ट बसवता येतो. उंदरांनी कुरतडलेलं आहे का तेही बघा. शेताजवळ किंवा सोसायटीच्या तळमजल्यावर गाडी उभी राहत असेल तर हे फार घडतं. न वापरलेल्या नळीच्या तोंडावर एक छोटी रबरी टोपी असते, तीही फुटते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. म्हणून पेट्रोलचे पाइपही याच वेळी तपासा. फुगलेला, चिकट झालेला किंवा ओलसर दिसणारा पाइप एक दिवसही ठेवू नका, तिथे आगीचा धोका आहे.

आता इंजिन चालू करा. साधारण हातभर लांबीच्या रबरी नळीचं एक टोक कानाजवळ धरा आणि दुसरं कार्बोरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या जोडावर, ब्रेक बूस्टर असेल तर त्याच्या पाइपावर हळूहळू फिरवा. गळती असेल तिथे ‘स्स्स’ असा बारीक आवाज येतो. खात्रीसाठी त्या जागी पाण्याचा हलका फवारा मारा. पाण्याने फट क्षणभर बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. काही जण इथे कार्बोरेटर क्लीनर किंवा पेट्रोल मारतात. गरम मॅनिफोल्डवर ते पेट घेऊ शकतं, तुम्ही पाण्यावरच भागवा. फक्त डिस्ट्रिब्युटर (प्लगना करंट वाटून देणारा भाग) आणि प्लगच्या वायरींवर पाणी उडू देऊ नका.

कार्बोरेटरच्या बुडाचे नट सैल असतील तर समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळा. एकच नट पूर्ण आवळलात तर बूड वाकडं बसतं आणि गळती कायमची होते. नट घट्ट असूनही तिथून हवा येत असेल तर गॅस्केट गेलं आहे.

दुसरं काम: प्लग, वायरी, डिस्ट्रिब्युटर

प्लग इंजिन थंड असतानाच काढा. हेड अॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना आटे खराब होतात. वायर ओढताना टोपी धरून ओढा, आणि तिन्ही वायरींवर चिकटपट्टी लावून 1, 2, 3 लिहा.

प्लगचं टोक सगळं सांगतं. कॉफीसारखा तपकिरी किंवा राखाडी रंग असेल तर सिलिंडर निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर चोंदलेला. ओला आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल वर येतंय. पांढराफटक असेल तर हवा जास्त, म्हणजे पुन्हा गळतीकडे वळा. तिन्ही प्लग एका ओळीत ठेवून पाहा. दोन तपकिरी आणि एकच काळा असेल तर दोष त्या एका सिलिंडरचा, कार्बोरेटरचा नव्हे. कार्बोरेटर एकच आहे, तो बिघडला तर तिन्ही प्लग सारखेच बिघडतात.

प्लगच्या दोन टोकांमधली गॅप फीलर गेजने 0.7 ते 0.8 मिलिमीटर ठेवा. प्लग खूप जुने असतील तर घासत बसू नका, तिन्ही एकदम नवे घाला. बसवताना आधी नुसत्या हाताने शेवटपर्यंत फिरवा. हाताने जात नसेल तर तो तिरका लागला आहे, काढून पुन्हा लावा. नवा प्लग टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा पुरतो.

डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून आतून पुसा. केसासारखी काळी रेघ किंवा तडा दिसला तर टोपी बदला, त्या रेघेतून करंट पळतो. रोटरचं टोक जळलं असेल तर तोही बदला. फार जुन्या गाडीत पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, असतील तर त्यांवरचे खड्डेही पाहून घ्या. वायरींची परीक्षा रात्री सोपी जाते: दिवे मालवा, इंजिन चालू ठेवा आणि लांबूनच पाहा. वायरीवरून निळसर ठिणग्या उड्या मारताना दिसल्या तर इन्सुलेशन संपलंय. कोकणात आणि पावसाळ्यात हे जास्त होतं.

कुठलं सिलिंडर मेलंय हे शोधायचं असेल तर चालू इंजिनात वायर ओढू नका, हजारो व्होल्टचा झटका बसतो. इंजिन बंद करा, एक वायर काढा, तिला जादाचा प्लग जोडून त्याची धातूची बॉडी इंजिनाला पक्की बांधा आणि मग स्टार्ट करा. आयडलिंग आणखी बिघडलं तर ते सिलिंडर काम करत होतं. काहीच फरक पडला नाही तर दोषी तेच. प्रत्येक परीक्षा काही सेकंदांत उरका. 1995पासून चार महानगरांत विकल्या गेलेल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग, लागला, आणि न जळलेलं पेट्रोल त्यात गेलं तर तो जळतो.

तिसरं काम: एअर फिल्टर आणि स्लो जेट

फिल्टर उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बदला. याच वेळी चोक, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप, पूर्ण उघडतो का तेही पाहा. चोकची केबल अडकून झडप अर्धी मिटलेली राहिली तर गाडी पेट्रोल पिते आणि गरम झाल्यावर अडखळते.

काही कार्बोरेटरवर एक छोटा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी पेट्रोलची झडप, असतो. चावी ऑन केली की त्याचा ‘टिक्’ आवाज यायला हवा. आवाज येत नसेल आणि पाय काढताच गाडी बंद पडत असेल तर आधी त्याची वायर सुटली आहे का ते बघा.

स्लो जेट स्क्रू ड्रायव्हरने निघतो. त्यात क्लीनर मारा, पाचसात मिनिटं थांबा, पुन्हा मारा, मग हवेने फुंका. भोक उजेडात गोल दिसलं पाहिजे. त्यात तार किंवा सुई कधीही घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की तो जेट कामातून गेला.

आता स्क्रू

एवढं करूनही आयडलिंग बसलं नसेल तरच पुढे वाचा. इंजिन पूर्ण गरम, एअर फिल्टर जागेवर, दिवे आणि एसी बंद. इंजिन बंद ठेवून मिक्स्चर स्क्रू, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, किती फेऱ्यांत हलकेच टेकतो ते मोजा, लिहून ठेवा आणि तेवढाच परत बाहेर आणा. जोर लावून आवळू नका, त्याचं टोक सुईसारखं असतं.

इंजिन चालू करून स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या. इंजिन अडखळायला लागलं की थांबा आणि तसंच हळूहळू बाहेर काढा. एका जागी इंजिन सगळ्यात सुरळीत आणि थोडं जलद चालतं, तिथे ठेवा. प्रत्येक फेऱ्यानंतर दहा सेकंद वाट पाहा, इंजिनाला सावरायला वेळ लागतो. मग थ्रॉटलच्या स्क्रूने वेग खाली आणा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, साधारण मिनिटाला 850 ते 950 फेऱ्यांच्या आसपास. पुन्हा मिक्स्चर, पुन्हा थ्रॉटल, असं दोनतीनदा करावं लागतं.

एमपीएफआय असेल तर

इथे मिक्स्चर स्क्रू नसतोच. पाइप, प्लग आणि फिल्टर वरच्यासारखेच तपासा. त्यानंतर थ्रॉटल बॉडीच्या झडपेभोवती जमलेला काळा थर क्लीनरने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा. आयडलिंगच्या हवेचा व्हॉल्व्ह त्याच वाटेवर असतो, तोही कार्बनने अडकतो. थ्रॉटलचा अडसर-स्क्रू मात्र हलवू नका. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर असलेल्या माणसाकडे जा, अंदाजाने सेन्सर बदलत राहणं महाग पडतं.

घरी थांबायचं कुठे

टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट बसवणं, पूर्वी केलेलं नसेल तर पहिल्यांदा जाणत्याच्या शेजारी उभं राहून शिका. टॅपेट वाजतायत म्हणून कुणी ते घट्ट करून दिले असतील तर सावध व्हा. थोडे वाजणारे टॅपेट त्रासदायक असतात, पण फार घट्ट टॅपेट व्हॉल्व्हला पूर्ण मिटू देत नाहीत आणि व्हॉल्व्ह जळतो. कागदाची पट्टी आत ओढली जात होती, एकच सिलिंडर मेलेलं होतं आणि त्याचा प्लग, वायर बदलूनही फरक पडला नाही, तर गॅरेजमध्ये जाऊन थेट ‘कॉम्प्रेशन चेक करा’ म्हणा. कार्बोरेटर खोलू देऊ नका.

सगळं जमलं असेल तर त्याच दिवशी, गाडी गरम असताना, पीयूसी करून घ्या. भारत स्टेज दोन या धुराच्या नियमांच्या आधीच्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्के आणि हायड्रोकार्बन 1500 पीपीएमपर्यंत चालतं. कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर मिक्स्चर स्क्रू जरासा आत घ्या. तो कमी असून हायड्रोकार्बन जास्त असेल तर एखादा ठोका अजून चुकतोय, प्लग आणि गळती पुन्हा पाहा. त्या पावतीच्या मागे स्क्रूचे फेरे आणि प्लग बदलल्याची तारीख लिहून ती डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.