उन्हाळ्यात लॅपटॉपची हार्ड डिस्क तापते तेव्हा काय करावं

टाइप करताना मनगट जिथे टेकतं, बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत त्याच्याच खाली हार्ड डिस्क बसवलेली असते. म्हणून एप्रिल लागला की भुसावळला माझ्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाची पहिली तक्रार हाताची असते : “चटका बसतो भाऊ, लॅपटॉप तपी गया.” फाइल उघडायला वेळ लागतो, मध्येच हँग होतो, हे त्यानंतर आठवतं. यातलं बरंचसं काम घरी करता येतं. फक्त क्रम चुकवू नका.

आधी दोन आकडे लिहून घ्या

विंडोज असेल तर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर टाका. उघडल्या उघडल्या डिस्कचं तापमान दिसतं. लिनक्सवाल्यांनी ‘स्मार्टमॉनटूल्स’ वापरावं. लॅपटॉप सुरू केल्या केल्या बघू नका, नेहमीचं काम तासभर करा आणि मग आकडा टिपा. त्याच वेळी लॅपटॉपशेजारी साधा थर्मामीटर ठेवून खोलीचं तापमानही टिपा.

लॅपटॉपच्या बहुतेक फिरत्या डिस्कना चालू असताना ६० अंशांपर्यंतची मर्यादा दिलेली असते. पण मर्यादा गाठेपर्यंत थांबायचं नसतं. ५० च्या वर गेली की मी उपाय सुरू करतो, ५५ दिसले की काम थांबवून लॅपटॉप बंद करायला सांगतो. एवढ्या उष्णतेत रोज चालली तर डिस्कच्या बेअरिंगमधलं वंगण आणि खालचं सर्किट दोन्ही लवकर थकतात.

आता वजाबाकी करा, कारण खान्देशात नुसत्या डिस्कच्या आकड्यावरून काही कळत नाही. मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी लॅपटॉप बंद असला तरी त्याची डिस्क चाळिशीत असते. चालू डिस्क खोलीपेक्षा थंड राहूच शकत नाही. डिस्क ५२ आणि खोली ४१, म्हणजे फरक ११ : लॅपटॉप ठीक आहे, खोली तापली आहे. डिस्क ५२ आणि खोली ३०, म्हणजे फरक २२ : आत हवा अडली आहे किंवा डिस्क सतत राबते आहे. फरक १०-१२ असेल तर जागा आणि वेळ बदला, २० च्या आसपास असेल तर लॅपटॉपकडे वळा. हा माझ्या टेबलावरचा ठोकताळा आहे, पण त्याने कित्येकांचा साफसफाईचा फुकट खर्च वाचला आहे.

डाटा उतरवून घ्या

उरलेलं सगळं यानंतर. त्याच सॉफ्टवेअरच्या यादीत 05, C5 आणि C6 या ओळी बघा (स्मार्टमॉनटूल्समध्ये त्याच ओळी ५, १९७ आणि १९८ अशा दिसतात). शेवटच्या रकान्यात शून्याशिवाय काही असेल, तर डिस्कवरचे काही भाग खराब झालेत किंवा होऊ घातलेत. टकटक असा आवाज येत असेल तर एक दिवसही थांबू नका.

कॉपी करणं हे डिस्कला चांगलंच तापवणारं काम आहे. दुपारी दोन वाजता ५०० जीबी एका दमात ओढायला घेतलं आणि अर्ध्यावर डिस्क गेली, असं मी पाहिलं आहे. पहाटे पाच-सहाला सुरू करा, आधी ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते घ्या. शेतीचे कागद, मुलांचे दाखले, घरातले फोटो. आकडा ५० कडे सरकला की थांबा, अर्ध्या तासाने पुढचा तुकडा घ्या. सिनेमे राहिले तर राहू द्या.

खालून हवा खेळू द्या

गादी, गोधडी, मांडी यांवर लॅपटॉप ठेवू नका. टेबलावर ठेवून मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली प्लास्टिक बाटलीचं एकेक झाकण सरकवा. एवढ्यानेही दोन-तीन अंशांचा फरक पडलेला दिसतो. कूलिंग पॅड घेणार असाल तर त्याचा पंखा नेमका डिस्कच्या खाली येतो का, ते दुकानातच लॅपटॉप ठेवून बघा.

धूळ आणि कापूस

आपल्याकडची धूळ नुसती माती नसते. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या लॅपटॉपात कापसाचे तंतू जातात. मागे एका जिनिंगमधल्या हिशोबनिसाचा लॅपटॉप उघडला, तर पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये करड्या रंगाची पट्टी बसली होती. चिमट्याने धरली तर समईच्या वातीसारखी अखंड निघाली. बाहेरून कितीही फुंकलं असतं तरी ती हलली नसती, उलट जाळीत आणखी घट्ट बसली असती.

म्हणून मागचं झाकण उघडूनच साफ करा. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, आतली असेल तर तिची पिन सोडवा. पंख्याचं पातं टूथपिकने अडवून धरा. हवेच्या झोताने ते भन्नाट फिरलं की बेअरिंग बिघडतं. मऊ ब्रशने तंतू सोडवा, मग हातपंपाच्या ब्लोअरने थोडी थोडी हवा मारा. हार्ड डिस्कच्या पेटीचा मात्र एकही स्क्रू काढू नका. आत वाचणारं टोक चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, धुळीचा साधा कण त्याच्यापुढे डोंगर. पेटीवर हवेसाठी बारीक भोक असतं, त्यावर चिकटपट्टी लावू नका. झाकण उघडायची भीती वाटत असेल तर कारागिराकडे न्या.

कूलर, बर्फ वगैरे

कूलर मेच्या कोरड्या हवेत छान काम करतो, पण लॅपटॉप त्याच्या तोंडासमोर नको. झोताबरोबर बारीक थेंब येतात, आणि आपल्या बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर जाळीवर धरतो. कूलर खिडकीत, समोरची खिडकी उघडी, लॅपटॉप बाजूला. ओलं फडकं किंवा बर्फाची बाटली लॅपटॉपखाली ठेवू नका, आत पाणी सुटतं. धाब्याच्या घरात खालची मधली खोली मिळत असेल तर दुपारचं काम तिथेच करा.

डिस्कला उगाच राबवू नका

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना सतत १०० टक्क्यांवर असेल तर कोण राबवतंय ते तिथेच दिसेल. बहुधा अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी किंवा अपडेट. तपासणीची वेळ सकाळची लावा.

आणि एसएसडी

हे सगळं करूनही दरवर्षी मेमध्ये डिस्क पन्नाशी ओलांडत असेल, तर मी एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपांवर डाटा साठवणारी डिस्क, घ्यायलाच सांगतो. तिच्यात फिरणारं काही नसतं, वीज कमी लागते आणि साध्या साटा (जुन्या हार्ड डिस्कसारख्याच जोडणीच्या) एसएसडीला बहुधा ७० अंशांपर्यंत चालायची मुभा असते. बसवायला अर्धा तास, जुना डाटा चढवायला वेगळा वेळ. काढलेली जुनी डिस्क लगेच पुसू नका. दोन-तीन महिने कपाटात राहू द्या, एखादी राहून गेलेली फाइल तिच्यातूनच निघते.