निवडणुकीच्या प्रचारात कंपनी करावर वाद कसा घालावा

२० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत जीएसटी परिषदेची बैठक सुरू होण्याआधी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपन्यांवरच्या आयकराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. तेव्हापासून प्रचारात हा विषय निघाला की गाडी हमखास दोन वाक्यांवर अडते: ‘उद्योगपतींना दीड लाख कोटींची खिरापत’ आणि ‘कर घटवला म्हणून वसुली वाढली’. दोन्हींमागे खरे आकडे आहेत, आणि दोन्ही निष्कर्ष त्या आकड्यांतून थेट निघत नाहीत. उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलावणारी नागरिक मंडळं, सूत्रसंचालक आणि पक्षांचे वक्ते यांना हा वाद कामाचा करायचा असेल, तर तयारी अशी करावी.

कोणाला काय विचारायचं

कंपनी कर हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या केंद्र सूचीतला विषय आहे, नोंद ८५. विधानसभेचा उमेदवार ‘आम्ही कंपनी कर वाढवू’ म्हणाला, तर तिथेच थांबवा; ते त्याच्या हातात नाही. नगरसेवकाच्या तर नाहीच.

राज्याचा संबंध मात्र आहे, आणि तो हिशेबाने दाखवता येतो. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने वाटपयोग्य करांतले, म्हणजे केंद्राने गोळा करून राज्यांशी वाटून घ्यायच्या करांतले, ४१ टक्के राज्यांना दिले. त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता, गोव्याचा ०.३८६ टक्के. म्हणजे वाटपयोग्य १०० रुपयांमागे महाराष्ट्राला साधारण २ रुपये ५९ पैसे आणि गोव्याला जेमतेम १६ पैसे. अधिभार आणि उपकर, म्हणजे मूळ करावर लागणारे जादा कर, या वाटपात येत नाहीत, ते पूर्ण केंद्राकडे राहतात. २०१९ मध्ये मूळ दर कमी झाला, त्यामुळे कपातीची झळ राज्यांच्या वाट्यालाही लागली. लोकसभेच्या उमेदवाराला हा प्रश्न आवर्जून विचारा: महसूल सोडताना राज्यांच्या हिश्शाचं काय?

आमदारकीच्या उमेदवाराला विचारायच्या गोष्टी वेगळ्या. मोठ्या प्रकल्पांना राज्य सरकार जीएसटीतल्या आपल्या हिश्शावर आधारलेलं प्रोत्साहन अनुदान देतं, मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्क माफ करतं. महाराष्ट्रात हे सामूहिक प्रोत्साहन योजनेतून चालतं. कोणत्या तालुक्यात किती अनुदान गेलं, त्या बदल्यात किती नोकऱ्यांचं आश्वासन होतं आणि त्यातल्या किती प्रत्यक्ष झाल्या, हे आमदाराने सांगायला हवं. आमच्या मते विधानसभेच्या प्रचारात वेळ द्यायचा तो इथेच.

दर नेमका किती

‘२२ टक्के’ हा मूळ दर. त्यावर १० टक्के अधिभार आणि त्या बेरजेवर ४ टक्के उपकर. २२ गुणिले १.१० म्हणजे २४.२, गुणिले १.०४ म्हणजे २५.१७. हाच दर बोलताना वापरा. १ ऑक्टोबर २०१९ पासून पुढे स्थापन झालेल्या आणि ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू केलेल्या नव्या कारखानदार कंपन्यांना १५ टक्के, म्हणजे हिशेबाने १७.१६. जुन्या पद्धतीत १० कोटींवर उत्पन्न असलेल्या मोठ्या कंपनीचा दर ३४.९४ पडायचा.

इथे तीन चुका होतात. पहिली: २२ टक्क्यांचा दर सरसकट नाही. तो घ्यायचा तर बहुतेक वजावटी सोडाव्या लागतात आणि २०२६ पर्यंत किमान पर्यायी कराची (वजावटींनंतरही पुस्तकी नफ्यावर द्यावा लागणारा कर) साठलेली जमाही जात असे. म्हणून अनेक कंपन्या काही वर्षं जुन्याच पद्धतीत राहिल्या. दुसरी: २०२० पर्यंत कंपनी लाभांश वाटताना वेगळा कर भरत असे. तो रद्द होऊन लाभांश आता भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या दरांची सरळ तुलना केली की चित्र तिरकं होतं. तिसरी: कायद्याची कलमं पाठ म्हणू नका. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ ने घेतली आहे आणि क्रमांक बदलले आहेत.

सभेत टाळ्या घेणारं एक वाक्य असतं: ‘तुम्ही ३० टक्के भरता, अंबानी-अदानी २२ भरतात.’ पगारदाराचा ३० टक्के दर फक्त वरच्या टप्प्यातल्या उत्पन्नाला लागतो, सगळ्या पगाराला नाही. त्यामुळे समोरचा वक्ता हे वाक्य अर्ध्या मिनिटात खोडून काढतो. खरा टोचणारा मुद्दा भागीदारी पेढीचा आहे. बाजार समितीतला अडत्या किंवा दोघा भावांचं हार्डवेअरचं दुकान भागीदारीत असेल, तर पेढीच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के आणि उपकर, म्हणजे ३१.२ टक्के लागतात. शेकडो कोटींची कंपनी २५.१७ भरते. मात्र भागीदारांचा पगार ठरलेल्या मर्यादेत पेढीच्या नफ्यातून वजा होतो आणि भागीदाराच्या हाती आलेल्या नफ्यावर पुन्हा कर लागत नाही. कंपनीच्या लाभांशावर लागतो. हे स्वतःच आधी सांगून टाकलंत की मुद्दा पक्का उभा राहतो.

वसुलीचे आकडे

हे आकडे कागदावर लिहून न्या. कंपनी कराची वसुली २०१८-१९ मध्ये सुमारे ६.६३ लाख कोटी, २०१९-२० मध्ये ५.५७, करोनाच्या २०२०-२१ मध्ये ४.५८, २०२१-२२ मध्ये ७.१२ आणि २०२३-२४ मध्ये ९.११ लाख कोटी रुपये.

आता वक्ते काय करतात बघा. सत्ताधारी बाजू ४.५८ पासून मोजते आणि ‘दुप्पट झाली’ म्हणते. ते वर्ष टाळेबंदीचं होतं. विरोधी बाजू ६.६३ वरून ५.५७ वर थांबते आणि पुढची वर्षं गाळते. दोघांनाही एकच उत्तर: जीडीपीशी प्रमाण सांगा. २०१८-१९ मध्ये हे प्रमाण साधारण ३.५ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ३.१ च्या आसपास. रुपयांत विक्रम झाला आणि अर्थव्यवस्थेच्या तुलनेत वाटा घटला, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. त्याच काळात नफा वाढला होता. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीने निफ्टी ५०० मधल्या, म्हणजे शेअर बाजारातल्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा नफा २०२३-२४ मध्ये जीडीपीच्या ४.८ टक्के, म्हणजे पंधरा वर्षांतला उच्चांक, असल्याचं नोंदवलं. नफा उच्चांकावर असताना कराचा वाटा का घटला, हा प्रश्न दरकपातीच्या समर्थकांना विचारायलाच हवा. उत्तरात त्यांनी गुंतवणुकीचे आकडे द्यावेत, शेअर बाजाराच्या उसळीचे नव्हेत.

१.४५ लाख कोटी हा सरकारने घोषणेच्या वेळी मांडलेला एका वर्षाचा अंदाज होता. त्याला वर्षांनी गुणून ‘इतके लाख कोटी माफ केले’ म्हणणं चूक. आणि त्यात बँकांनी निर्लेखित केलेली कर्जं मिसळणं ही तर घोडचूक. निर्लेखन म्हणजे बँकेने आपल्या ताळेबंदातून कर्ज काढणं. कर्जदाराची देणेदारी तशीच राहते, आणि कराशी त्याचा संबंध नाही. करकपात, करसवलत आणि निर्लेखन हे तीन आकडे तीन वेगळ्या ओळींत लिहा आणि त्यांची बेरीज कोणाला करू देऊ नका.

करटाळणीचा आरोप

सर्वांत जास्त गोंधळ इथे. सवलत संसदेने दिलेली असते. पळवाट कायद्याच्या फटीतून काढलेली असते आणि न्यायालय ती ग्राह्य धरू शकतं. चोरीत उत्पन्न लपवलेलं असतं आणि तो गुन्हा आहे. आरोप करण्याआधी तो यातल्या कोणत्या खणात बसतो हे ठरवा.

व्होडाफोनचं प्रकरण उदाहरणाला चांगलं. २००७ मध्ये हचिसनचा भारतातला दूरसंचार व्यवसाय विकत घेताना प्रत्यक्षात केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर हस्तांतरित झाला. आयकर खात्याने कर मागितला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये खात्याची बाजू उचलून धरली, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कर लागत नसल्याचा निकाल दिला. त्याच वर्षी सरकारने पूर्वलक्षी प्रभावाने कायदा बदलला आणि २०२१ मध्ये पुढच्या सरकारने ती मागणी मागे घेतली. याला ‘चोरी’ म्हणणारा वक्ता निकालापुढे टिकत नाही. ‘अशी फट इतकी वर्षं का राहिली आणि पूर्वलक्षी बदलाने ती बुजवणं योग्य होतं का’ असं विचारणाऱ्याला मात्र दोन्ही मोठ्या पक्षांकडून उत्तर मागता येतं. मॉरिशसमार्गे येणाऱ्या गुंतवणुकीचंही तसंच. भारत-मॉरिशस कर-करारातली भांडवली नफ्याची सूट १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांसाठी संपली आहे, तेव्हा आज ती सुरू असल्यासारखं बोलू नका.

आजची करटाळणी बहुधा गटातल्या कंपन्यांच्या आपसांतल्या व्यवहारात असते: परदेशी भगिनी कंपनीला जादा रॉयल्टी, कर्जावर जादा व्याज, मालाची फुगवलेली किंमत. त्यावर बाजारभावाने किंमत धरण्याचा नियम आहे, परदेशी संबंधित कंपनीला दिलेल्या व्याजाच्या वजावटीवर मर्यादा आहे, २०१७ पासून करटाळणीविरोधी सर्वसाधारण तरतूदही आहे. उमेदवाराला ‘करटाळणी थांबवणार का’ विचारू नका, तो ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘यातली कोणती तरतूद अपुरी आहे आणि तुम्ही ती कशी बदलाल’ असं विचारा.

एका कंपनीचं नाव घ्यायचंच असेल तर तिचा वार्षिक अहवाल उघडा. शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीचा अहवाल बीएसई-एनएसईच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. खासगी कंपनीची कागदपत्रं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर माफक शुल्क भरून बघता येतात. नफा-तोटा पत्रकात तीन ओळी शोधा: करपूर्व नफा, चालू कर, डिफर्ड टॅक्स (पुढे ढकललेला कर). समजा करपूर्व नफा १,००० कोटी आहे आणि चालू कर १८१ कोटी. लगेच ‘१८ टक्केच भरले’ म्हणू नका. नव्या यंत्रांवरचा घसारा, म्हणजे झिजेपोटीची वजावट, कराच्या हिशेबात पुस्तकापेक्षा २८० कोटींनी जास्त धरला असेल, तर ७२० कोटींवर २५.१७ टक्क्यांनी १८१ कोटी होतात आणि उरलेले सुमारे ७० कोटी डिफर्ड टॅक्समध्ये दिसतात. ते पुढच्या वर्षांत भरायचे असतात. हा वेळेचा फरक आहे.

संशयाला जागा देणारी माहिती कराच्या टिपेत असते. तिथे ‘लागू दराने येणारा कर’ आणि ‘प्रत्यक्ष कर’ यांचा ओळीओळीने मेळ घातलेला असतो. परदेशी उपकंपन्यांचा कमी दर, करमुक्त उत्पन्न अशा दरवर्षी टिकून राहणाऱ्या ओळींवर बोट ठेवा. मग पाच वर्षांचा एकूण कर भागिले पाच वर्षांचा एकूण नफा काढा. एका वर्षावरून कधीही बोलू नका. वादातल्या कर-मागण्या संभाव्य देण्यांच्या टिपेत असतात. ती मागणी आहे, सिद्ध झालेली थकबाकी नाही, हे वाक्य सोबत बोला.

सगळ्या कंपन्यांबद्दल बोलायचं तर केंद्रीय अर्थसंकल्पाच्या जमा अंदाजपत्रकातलं करसवलतींच्या महसुली परिणामाचं विवरण काढा. त्यात नफ्याच्या गटांनुसार प्रभावी दर असतो. अनेक वर्षं त्या तक्त्यात सर्वांत मोठ्या नफ्याच्या कंपन्यांचा दर छोट्या कंपन्यांपेक्षा कमी दिसत आला. सरकारच्याच कागदावरचा आकडा असल्याने तो कोणी नाकारू शकत नाही.

सभागृहात

उमेदवाराने अर्जासोबत दिलेलं नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र आधी वाचा. त्यात त्याचं आणि जोडीदाराचं पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न आणि परदेशातली मालमत्ता असते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते मिळतं. पण त्यावरून एखाद्याला ‘करचोर’ म्हणू नका. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटं विधान पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ खाली गुन्हा आहे, आणि ते प्रतिस्पर्धी उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने केलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) प्रमाणे निवडणूकही रद्द होऊ शकते.

प्रश्न दोन दिवस आधी सर्व उमेदवारांना सारख्या शब्दांत लेखी पाठवा. उत्तराला दोन मिनिटं, उपप्रश्नाला एक. उत्तरात आकडा आला की सूत्रसंचालकाने तीन गोष्टी लगेच विचाराव्यात: कोणत्या वर्षाचा, निव्वळ (परतावे वजा करून) की ढोबळ, मूळ दराचा की अधिभारासह. उत्तर आलं नाही तर आकडा फळ्यावर लिहून त्यापुढे ‘आधार दिला नाही’ असं लिहा आणि पुढे चला. तिथे रेंगाळलात तर उरलेला वेळ आरडाओरड्यात जातो. कार्यक्रमाची तारीख ठरवताना लक्षात ठेवा, मतदान संपण्याच्या आधीच्या ४८ तासांत जाहीर सभेला बंदी असते. मतदान २० तारखेला संध्याकाळी सहाला संपणार असेल, तर १८ तारखेला सहाच्या आत सभागृह रिकामं झालेलं असलं पाहिजे.