सीआरपी, ईएसआर, सोडियम, पोटॅशियम: रिपोर्ट वाचायचा कसा?

आकड्यापुढे ठळक 'एच' (हाय, म्हणजे जास्त) किंवा 'एल' (लो, म्हणजे कमी) दिसला की पोटात गोळा येतो. पण लॅबची नॉर्मल मर्यादा बहुधा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते. म्हणजे ठणठणीत माणसांतही विसातल्या एकाचा आकडा तिच्याबाहेर जातोच.

१. आधी एकक बघा. सीआरपी (सूज किंवा संसर्ग असला की रक्तात वाढणारं एक प्रथिन) कुठे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, तर कुठे प्रति डेसिलिटरमध्ये. एका लॅबचा ५ आणि दुसरीचा ०.५ हे एकच.

२. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, टक्क्यांवर थांबू नका. प्रौढांत पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० असतात; न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे त्यांचेच प्रकार. न्यूट्रोफिल वाढले तर बहुधा जिवाणूंचा संसर्ग, लिम्फोसाइट वाढले तर बहुधा विषाणूंचा. मात्र स्टेरॉइडच्या गोळ्यांनी किंवा नुसत्या शारीरिक ताणानेही न्यूट्रोफिल वाढतात. शिवाय टक्के फसवतात. समजा, लिम्फोसाइट ५० टक्के आहेत, पण एकूण पेशी ३,०००च आहेत. मग लिम्फोसाइट झाले १,५००, म्हणजे नॉर्मल. कमी पडलेत ते न्यूट्रोफिल, आणि डॉक्टरांना विचारायचं ते त्यांच्याबद्दल.

३. सीआरपी आणि ईएसआर (नळीत लाल पेशी तळाशी बसण्याचा वेग; सूज असली की तो वाढतो) वेळेच्या हिशेबाने वाचा. सूज किंवा संसर्ग सुरू झाल्यावर काही तासांत सीआरपी चढू लागतो, साधारण दोन दिवसांत शिखर गाठतो आणि कारण आटोक्यात आलं की झपाट्याने उतरतो. ताप येऊन चारच तास झाले असतील तर नॉर्मल सीआरपीवर विसंबू नये. ईएसआर संथ असतो, बरं वाटू लागल्यावरही कित्येक आठवडे चढाच राहू शकतो. वय, गरोदरपण आणि ॲनिमिया यांनीही तो वाढतो. सूज कुठे आहे आणि कशामुळे, हे मात्र दोन्ही सांगत नाहीत. म्हणून एका आकड्यापेक्षा आधीच्या रिपोर्टशी तुलना जास्त कामाची, शक्यतो त्याच लॅबच्या.

४. इलेक्ट्रोलाइट्स, म्हणजे रक्तातले क्षार. सोडियम १३५ ते १४५, पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर. सोडियम कमी म्हणजे मीठ कमी खाल्लं, असा समज सर्रास असतो. बहुतेक वेळा बिघडलेलं असतं ते शरीरातल्या पाण्याचं गणित: उलट्या-जुलाब, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, हृदयाचे किंवा किडनीचे आजार. तेव्हा मनाने मीठ वाढवू नका.

पोटॅशियम जास्त दिसलं तर रिपोर्टखालचा शेरा वाचा. नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या असतील (शेऱ्यात 'हिमोलाइज्ड' लिहिलेलं असतं) तर आकडा खोटाच चढतो आणि रक्त पुन्हा द्यावं लागतं. पण ६ च्या पुढचा आकडा 'खोटाच असेल' म्हणून घरी ठेवू नका, हृदयाची लय बिघडू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ईसीजी लागेल.

५. डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी न्या, रक्तदाबाच्या गोळ्यांसकट; त्यांतल्या काही पोटॅशियम वाढवतात, काही घटवतात. गोंधळल्यासारखं होणं, झटके, छातीत धडधड, धाप किंवा खूप गुंगी असेल, तर रिपोर्टची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा.