गरम गटापर्चा भरण्याआधी काय काय तयार हवं

रूट कॅनालमध्ये गटापर्चा (रबरासारखा भरायचा पदार्थ) गरम करून भरायचा असेल, तर सीलर (फटी बुजवणारं पातळ सिमेंट) मिसळण्याआधी प्लगर (दाबायचं हत्यार) कॅनालमध्ये, म्हणजे दाताच्या मुळातल्या नळीत, घालून बघा. प्लगर थंड, कॅनाल रिकामा. तो भिंतींना टेकून कुठे अडतो ते बघा, स्टॉप (खोलीची खूण धरणारी रबरी चकती) तिथे आणा, पट्टीवर मोजा आणि आकडा कागदावर लिहा. या यादीतलं बाकी काही राहिलं तर वेळेवर निभावून नेता येतं. हे राहिलं की नाही येत. पुढे हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तर येऊ द्या.

यादी कंटिन्युअस वेव्ह पद्धतीची आहे. म्हणजे यंत्रं दोन. एक तापणारा प्लगर, ज्याने कोन (गटापर्च्याची निमुळती काडी) वरून कापत खाली दाबायचा. दुसरी गन, जिच्या सुईतून वितळलेला गटापर्चा वरची पोकळी भरतो. शिल्डर यांनी १९६७ साली गरम गटापर्चा उभा दाबून भरायची पद्धत मांडली, तेव्हा ज्योतीवर तापवलेलं हत्यार आत घालून थोडं थोडं काढत, दाबत खाली उतरावं लागे. ब्युकॅनन यांनी नव्वदच्या दशकात विजेवर तापणारं टोक वापरून तेच काम एका दमात आणलं. आता कॉर्डलेस जोड्या मिळतात आणि बटण दाबलं की टोक तापतं, म्हणून तयारी कमी लागते असा समज झालाय. उलट आहे. ज्योतीवर तापवताना निदान हात आपोआप सावकाश चालायचा. थर्माफिलसारख्या कॅरियरची (गटापर्चा लावलेल्या तयार काडीची) ओव्हन वेगळी, तिची यादीही वेगळी, इथे नको.

चार्जिंग. दोन्ही यंत्रांचं, आदल्या रात्री. लोडशेडिंगच्या गावात हे सांगायची गरज नाही. फक्त स्टँडच्या टोकांवर हायपोचे (कॅनाल धुवायच्या सोडियम हायपोक्लोराइटचे) शिंतोडे वाळून बसलेले असतात ते पुसा, नाहीतर दिवा लागलेला दिसतो आणि बॅटरी रिकामीच राहते.

आता दात निवडणं, कारण प्रत्येक दात या पद्धतीचा नाही. अपेक्स (मुळाचं टोक) उघडा असेल, किंवा फाइल (कॅनाल घासायचं हत्यार) पुढे जाऊन फाटला असेल, तर गरम गटापर्चा आणि सीलर बाहेर जायला मोकळी वाट आहे. खालच्या प्रीमोलर आणि मोलरखाली, म्हणजे दाढांखाली, मॅन्डिब्युलर कॅनाल (खालच्या जबड्यातल्या नसेची नळी) किती जवळ आहे ते एक्स-रेवर बघा, शंका असेल तर सीबीसीटी (त्रिमित स्कॅन) काढून घ्या. तिथे ढकललेला माल म्हणजे ओठ बधिर राहिलेला पेशंट. खालचे पुढचे दात आणि खालच्या मोलरचं मेसिअल (पुढच्या बाजूचं) मूळ, यांच्या भिंती मुळातच पातळ, त्यात आपण शेप देताना आणखी खरवडलेल्या. पातळ भिंतीतून उष्णता बाहेर लवकर पोचते. मुळाच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान शरीराच्या तापमानापेक्षा १० अंशांहून जास्त वाढू नये असं आपण धरतो. त्यामागे एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांचं १९८३ सालचं सशांच्या हाडावरचं काम आहे: ४७ अंश सेल्सियस एक मिनिट टिकलं तरी हाडाला इजा होते. आणि आपण आत २०० अंशांवर लावलेलं टोक घालतोय. ते टोक गटापर्च्यात असायला हवं, डेंटिनला (दाताच्या भिंतीला) टेकलेलं नाही. टेकणार की नाही हे कशावरून कळतं? आधी प्लगर घालून बघितलाय यावरून. दुसरा मार्ग नाही.

म्हणून पुन्हा प्लगर, आता सविस्तर. गटापर्चा उष्णतेचा फार वाईट वाहक आहे. टोक जिथे पोचतं त्याच्या पुढे साधारण ४ ते ५ मिलिमीटरपर्यंतच गटापर्चा मऊ व्हावा इतकी ऊब जाते. सारी गणितं इथून निघतात. वर्किंग लेंथ (कॅनाल भरायची लांबी) २० मिलिमीटर असेल तर प्लगर १५-१६ पर्यंत उतरलाच पाहिजे. तो १२ वर अडत असेल तर ऊब १६-१७ पर्यंतच जाते आणि खालचे ३-४ मिलिमीटर गार राहणार, म्हणजे तुम्ही गरम पद्धतीच्या नावाखाली एक गार कोन तसाच ठेवून वरून छान भरलंत. एक्स-रेवर ते पांढरंशुभ्र दिसतं. वरच्या दोन तृतीयांशात लॅटरल कॅनालसुद्धा (बाजूला फुटलेली बारीक फांदी) भरलेला दिसेल आणि तुम्ही तो फोटो ग्रुपवर टाकाल. खाली जिथे खरं काम होतं तिथे काहीच झालेलं नाही.

१२ वर अडला तर काय करायचं ते त्याच क्षणी ठरवा, कारण कॅनाल अजून रिकामा आहे आणि सगळे पर्याय हातात आहेत. बारीक टेपरचा (कमी निमुळता) प्लगर घ्या. तोही अडला तर वरचा भाग पुरेसा उघडलेला नाही, फाइल परत हातात घ्या. वाकडेपणामुळे अडत असेल तर स्टीलचं टोक त्या वळणापलीकडे जाणार नाही, जोर करू नका. तो कॅनाल लॅटरल कंडेन्सेशनने (गार कोन बाजूला दाबत) किंवा बायोसिरॅमिक सीलर आणि एका कोनवर भरा, त्यात कमीपणा काही नाही. प्रत्येक कॅनाल वेगळा बघा. डिस्टलमध्ये (मागच्या कॅनालमध्ये) सहज गेला म्हणून मेसियोबकलमध्ये (पुढच्या, गालाकडच्या) जाईल असं धरू नका. गेल्या वेळी मी नेमकं हेच धरलं होतं: सीलर लावून, कोन बसवून, तापलेला प्लगर अर्ध्यातच भिंतीत रुतला, काढताना कोनही चिकटून वर आला, आणि ते सगळं धुऊन काढून त्या बाईंना परत बोलवावं लागलं.

तर कागदावर कॅनालचं नाव, प्लगरचा नंबर, अडण्याचा आकडा. कागद ब्रॅकेट टेबलला चिकटवा. संदर्भबिंदू वर्किंग लेंथचाच ठेवा, तीच कस्प (दाताचा उंचवटा). स्टॉप सैल झाला असेल तर बदला. सरकणारा स्टॉप नसलेल्या स्टॉपपेक्षा वाईट, कारण त्याच्यावर विश्वास ठेवला जातो.

कंपनीच्या डेमोमध्ये हे कधी दाखवत नाहीत, याचं मला आता आश्चर्य वाटत नाही. डेमोचा दात नेहमी वरचा पुढचा असतो, सरळ, रुंद, नाहीतर पारदर्शक प्लास्टिकचा ठोकळा. त्यात प्लगर अडतच नाही. आपल्याकडे येणारा पेशंट मात्र खालची दाढ घेऊन येतो, तीही दुसऱ्या कुणीतरी अर्धी उघडून दिलेली.

टोक बाहेर तपासून घ्या. यंत्रावर २०० दिसतं म्हणजे टोकाला २०० असतं असं नाही. मोजून बघितलेल्यांना प्रत्यक्ष तापमान बऱ्याचदा बरंच कमी सापडलं आहे. आपल्याकडे मोजायला काही नसतं, पण टाकाऊ कोनवर टोक टेकवून बघता येतं. लगेच स्वच्छ कापलं तर ठीक. ओढाताण होत असेल तर टोक थकलंय किंवा त्याच्यावर मागचा काळा थर आहे. कोमट असतानाच कोरड्या गॉजने पुसा, स्पिरिट उघड्या गरम टोकाजवळ नेऊ नका. काळवंडलेलं टोक बाहेर येताना कोन ओढून आणतं.

गन. गोळी किंवा काड्रिज घाला, कंपनीने सांगितलेलं तापमान लावा (साधारण १६० ते २०० च्या दरम्यान असतं), आणि तापायला वेळ द्या. पहिला तुकडा गॉजवर काढून फेका. सुई रुंद कॅनालला २३ गेज, अरुंदला २५. वाकवायची ती सोबत आलेल्या वाकवणीनेच, हिमोस्टॅटने नाही, चिमटली की बंद. आणि सुईसुद्धा रिकाम्या कॅनालमध्ये घालून बघा! डाउनपॅक (तापलेल्या प्लगरने खाली दाबणं) जिथे संपणार तिथपर्यंत ती पोचली पाहिजे. नाहीतर मध्ये हवेचा पोकळ टप्पा राहतो. प्लगरचा नियम तोच, सुईलाही तोच.

इथे थोडं पदार्थाबद्दल, कारण वेळेचं भान यातूनच येतं. गटापर्चा हा मलायाकडच्या पॅलॅक्वियम झाडाचा चीक, रबराचाच रासायनिक भाऊ, फक्त साखळीची ठेवण वेगळी. आपल्या कोनमध्ये तो जेमतेम पाचवा हिस्सा असतो, बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड. तापवला की ४२ ते ४९ अंशांच्या दरम्यान त्याची स्फटिकरचना बदलते, ५३ ते ५९ च्या दरम्यान ती मोडते आणि तो चिक्कीच्या पाकासारखा दाबू तिथे जातो. पण निवताना आकसतो. म्हणून गरम करणं बंद केल्यावर १० सेकंद दाब धरून ठेवायचा, हे नियमासाठी नाही, आकसण्याची भरपाई म्हणून. तो दाब खाली पोचायला प्लगर खाली असावा लागतो. परत तेच.

कोन. टेपर जुळणारा, अर्धा ते एक मिलिमीटर तोकडा, टग-बॅक (ओढताना जाणवणारी पकड), एक्स-रे. हे सगळ्यांना येतं. निर्जंतुक करायला ५.२५ टक्के हायपोमध्ये एक मिनिट पुरतं, मात्र नंतर स्पिरिटने धुवा, नाहीतर कोनवर मिठाचे बारीक खडे राहतात.

सीलर. पातळ, कोनच्या टोकाला, लेंट्युलोने (सीलर आत ढकलणाऱ्या फिरकीने) भरभरून नाही, कारण गरम दाबाखाली जास्तीचा सीलर आधी पळतो आणि तो अपेक्सकडेच पळतो. इपॉक्सी रेझिनचा सीलर उष्णतेने लवकर सेट होतो, म्हणून चार कॅनालांना एकदम लावून बसू नका. बायोसिरॅमिक सीलरला सेट व्हायला पाणी लागतं आणि जास्त उष्णता ते पाणी पळवते. गरम पद्धतीला चालतो की नाही ते त्याच्या पाकिटातल्या कागदावर बघा. तो कागद कुणी वाचत नाही, असो.

पेशंट. बधिर केलेला, रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावलेला. डॅम इथे लाळेसाठी जितका, तितकाच भाजण्यासाठी: प्लगरची दांडी बधिर ओठाला टेकली तर पेशंटला कळत नाही, तुम्हाला दुसऱ्या दिवशी फोन येतो. आधीच सांगून ठेवा, "काकू, जरा धूर दिसेल, जळका वास येईल, घाबरू नका, मान मात्र हलवू नका." सांगितलं नाही तर नेमक्या चुकीच्या सेकंदाला त्या उठून बसतात.

असिस्टंटला काम वाटून द्या. टोक पुसायला गॉज तिच्या डाव्या हातात, थंड प्लगर (हाताने दाबायचे, न तापणारे) मापाप्रमाणे ओळीने, मोठा आधी. दहा ती मोठ्याने मोजेल. आपण मनात मोजलेले दहा फार तर पाच भरतात. थंड प्लगरही घालून बघितलेत ना? ते भिंतीला न टेकता गटापर्च्यावरच टेकले पाहिजेत.

आता शेवटचं वाचन, सीलर उघडण्याआधी: हायपो धुतलं, ईडीटीए (भिंतीवरचा थर काढणारं द्रावण) झालं, पेपर पॉइंट (शोषकागदाची काडी) कोरडा आला, कोनचा एक्स-रे बघितला, सुई पोचते, आणि प्लगर. प्रत्येक कॅनालचा. आकडा कागदावर. नसेल तर सीलरचं झाकण लावा.

पुढचं तुम्हाला येतं. कॅनालच्या तोंडाशी कोन कापा, थंड प्लगरने दाबा, मग बटण दाबून एका दमात खाली, तीन-चार सेकंदांत, अडण्याच्या आकड्याच्या ३ मिलिमीटर आधी बटण सोडून उरलेलं अंतर दाबाने. दहा मोजणं. एक सेकंद उष्णता, क्षणभर थांबा, बाहेर. सुई खालच्या गटापर्च्याला टेकवून पाच सेकंद थांबा म्हणजे दोन्ही चिकटतील, मग ३-४ मिलिमीटरचे टप्पे. सुईला मागे ढकललं जाऊ द्या, आपण ओढू नका. प्रत्येक टप्प्याला थंड प्लगर. एक्स-रे.

कॅनालचं तोंड त्याच दिवशी बंद करा, कापसावर सोडू नका. टोकं ऑटोक्लेव्हला, यंत्राचा दांडा नाही, तो नुसता पुसायचा. सुई फेकायची. गनमधला उरलेला माल गरम असतानाच बाहेर काढा, गार झाल्यावर आतला दट्ट्या जागचा हलत नाही आणि मग दुरुस्तीला पाठवायला खोकं शोधावं लागतं. दोन्ही यंत्रं परत चार्जिंगला.